पिन एक झाली, चार्जिंग अजून एक झालेलं नाही

प्रति,
मा. सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
नवी दिल्ली

विषय: टाईप-सीचा नियम करताना बटनांचे साधे फोन आणि फास्ट चार्जिंग, दोन्ही त्यात घेण्याबाबत

महोदय,

दर आषाढीला आम्ही सात-आठ मित्र सोलापूरहून वाखरीला जातो. पालख्या पंढरपुरात शिरायच्या आधीचा तो मुक्काम. तिथे कुणी चहा वाटतं, कुणी पाय चोळून देतं, कुणी तुटलेल्या चपला शिवून देतं. आम्हाला जे येतं ते आम्ही करतो, वारकऱ्यांचे फोन चार्ज करून देतो. दोन टेबलं, जनरेटरवरून घेतलेली लाईन, सहा एक्स्टेन्शन बोर्ड आणि एका डब्यात नंबर घातलेले बिल्ले. एक बिल्ला रबर लावून फोनला, त्याच नंबरचा दुसरा माऊलींच्या हातात. रात्री अकरापर्यंत टेबलावर फोन ठेवायला जागा नसते.

मी मोबाईल दुरुस्ती करतो. सोलापूरच्या पूर्व भागात माझा आठ बाय दहाचा गाळा आहे, रस्त्यापलीकडे टॉवेलचे माग. २००४ साली हे काम शिकलो. तेव्हापासून बाजारात फोनच्या जेवढ्या पिना आल्या, त्यातल्या बहुतेक माझ्या हाताखालून गेल्या. नोकियाची जाड पिन, मग बारीक पिन, सॅमसंगची चपटी, सोनी एरिक्सनची रुंद, मग मायक्रो यूएसबी, जिला आमच्या बाजारात अजूनही व्ही-एट म्हणतात. वाखरीला पहिल्यांदा गेलो तेव्हा एका पोत्यात केबलीच होत्या. हव्या त्या पिनची केबल शोधण्यात अर्धी रात्र जायची, आणि एवढं करून पाच-दहा माऊलींना "तुमची पिन नाही हो आमच्याकडे" असं सांगून फोन परत द्यावा लागायचा. ते सांगताना वाईट वाटायचं. चालत आलेल्या माणसाला घरी एक फोन करायचा असतो, आणि तो एका पिनेपायी अडतो.

म्हणून टाईप-सी, म्हणजे उलटसुलट कशीही बसणारी नवी पिन, आली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता आणि तो आजही आहे. ती एकच पिन सगळ्यांना लावायच्या तुमच्या प्रयत्नालाही माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण गेल्या आषाढीला जे पाहिलं आणि दुकानात रोज जे पाहतो, त्यावरून काम अर्ध्यावर थांबलंय असं मला वाटतं. उरलेलं अर्धं तुमच्या हातात आहे.

गेल्या आषाढीला आम्ही वर्गणी काढून चार चांगले चार्जर घेतले. तोंडं टाईप-सीची, केबलीही दोन्ही टोकांना टाईप-सीच्या. वाटलं, पोतं आता घरीच ठेवायचं. संध्याकाळी परभणीकडच्या एक माऊली आल्या, साठीच्या पुढच्या. कमरेच्या पिशवीत रुमालात गुंडाळलेला बटनांचा फोन, लेकानं वारीसाठी नवा घेऊन दिलेला. खाली बघितलं तर टाईप-सीची पिन. मी केबल लावली. काहीच नाही. उलटी करून लावली. केबल बदलली, चार्जर बदलला. स्क्रीन काळी ती काळीच.

"बिघडला का रे बाबा? रातच्याला लेकाचा फोन येतो," माऊली म्हणाल्या.

शेजारच्या तंबूतून एक जुना चार्जर मागून आणला, चपट्या चौकोनी यूएसबीच्या तोंडाचा. त्याची केबल लावली आणि त्याच क्षणी स्क्रीनवर बॅटरीच्या रेघा हलायला लागल्या.

फोनमध्ये बिघाड नव्हता. बनवणाऱ्यानं त्यात दोन रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारे बारीकसे भाग, बसवले नव्हते, एवढंच. तुमच्याकडचे तज्ज्ञ हे जाणतात, पण हे पत्र इतर लोकही वाचतील म्हणून सांगतो. टाईप-सीच्या पिनमध्ये २४ टोकं असतात. त्यातल्या दोघांना सीसी म्हणतात. जुना यूएसबी चार्जर भिंतीला लावला की त्याच्या तोंडाशी ५ व्होल्ट कायम हजर असतात, समोर कुणी असो वा नसो. टाईप-सी तोंडाचा चार्जर तसा नसतो. तो आधी सीसीवरून चाचपून बघतो की पलीकडे खरोखर एखादं उपकरण आहे का. तिथे ५.१ किलोओहमचा रेझिस्टर सापडला तरच तो वीज सोडतो. नाही सापडला तर गप्प बसतो. सुरक्षेसाठी केलेली ही अतिशय चांगली सोय आहे. दोन सीसींना मिळून दोन रेझिस्टर लागतात. मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान, आणि किंमत पैशांत मोजायची. तेवढेच वाचवले होते. बाहेरून पिन टाईप-सीची, आतून जुनीच वायरिंग.

हा एकच फोन असता तर मी पत्र लिहायला बसलो नसतो. स्वस्तातले दाढीचे ट्रिमर, गळ्यातले नेकबँड, टॉर्च, लहान मुलांची खेळणी, यांतल्या कितीतरी वस्तू दुकानात अशाच येतात. "जुन्या चार्जरवर चालतं, नव्यावर चालत नाही" ही तक्रार आठवड्याला दोन-तीनदा ऐकतो. काहींना मी भिंगाखाली धरून रेझिस्टर लावून देतो. पण बऱ्याच बोर्डांवर ते बसवायला जागाच ठेवलेली नसते. अशा वस्तूला टाईप-सी म्हणून विकू द्यायचं का, हा माझा तुम्हाला पहिला प्रश्न आहे.

१६ नोव्हेंबर २०२२ ला तुमच्या विभागाच्या पुढाकाराने झालेल्या बैठकीत स्मार्टफोन, टॅबलेट आणि लॅपटॉपला टाईप-सी असावी यावर उद्योगांचं एकमत झालं. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने टाईप-सीचं मानक जाहीर केलं, आयएस/आयईसी ६२६८०-१-३:२०२२. ही दोन्ही कामं चांगली झाली. पण साध्या फीचर फोनसाठी वेगळी पिन चालेल, अशीही चर्चा त्या वेळी झाली होती. त्या चर्चेबद्दल मला कळकळीने सांगायचंय की तसं करू नका.

साधा फोन कोण वापरतं? आमच्या भागात विड्या वळणाऱ्या बायका वापरतात. हजार विड्यांच्या हिशोबावर घर चालतं, आणि पीएफचा असो की गॅसचा, प्रत्येक कामाचा ओटीपी त्या बटनांच्या फोनवर येतो. म्हातारी माणसं वापरतात. मागावरचे कामगार मागाशी स्मार्टफोन खराब होतो म्हणून कामावर साधाच नेतात. आता त्याच घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या फोनला टाईप-सी असणार. घरात एकच प्लग, एकच चार्जर. तो दोघींना चालला तर दुसरा विकत घ्यावा लागणार नाही. समान पिनेचा सगळ्यात जास्त उपयोग अशाच घराला आहे. स्वस्त फोनच नियमाबाहेर ठेवला, तर ज्याला दोन चार्जर घेणं परवडत नाही त्यालाच दोन घ्यावे लागतील.

आता फास्ट चार्जिंग. इथे मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण हा त्रास लोकांना दिसत नाही. पिन बसते, चार्जिंगची खूण येते, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं.

मार्च महिन्यात मागावरचा एक कामगार रात्रपाळी सुटल्यावर थेट दुकानात आला. केसांत, भुवयांवर पांढरं तूस तसंच. म्हणाला, "अण्णा, बॅटरी गेली. पाऊण तासात भरायचा फोन, आता तीन तास लागतात." दुसऱ्या एका दुकानात त्याला बॅटरी बदलायला सांगितलं होतं. मीही आधी पाठ उघडून बॅटरीच बघणार होतो. मग सवयीनं विचारलं, चार्जर कुठला? फोनबरोबर आलेला चार्जर लाईट कमी-जास्त झाली तेव्हा जळाला होता. त्याने बाराशे रुपये घालून नवा घेतला होता. मी तो बघितला. उत्तम होता. मानक ब्यूरोचा आर नंबर, म्हणजे नोंदणीचा नंबर, होता, वर ६५ वॉट लिहिलेलं, आणि आतला माल तसाच होता, दुसऱ्या फोनवर लावून खात्री केली. मग त्याचा फोन लावला आणि मधे मीटर जोडलं. ५ व्होल्ट, १.९ अँपिअर. ६५ वॉटचा चार्जर, ८० वॉटचा फोन, आणि मधून वाहत होते साडेनऊ वॉट.

बॅटरी ठणठणीत होती. झालं असं होतं की फोनला स्वतःच्या कंपनीच्या चार्जरशिवाय दुसऱ्याशी बोलताच येत नव्हतं. फास्ट चार्जिंगमध्ये फोन आणि चार्जर आधी ठरवून घेतात की किती व्होल्ट, किती अँपिअर. त्यासाठी यूएसबी पॉवर डिलिव्हरी, म्हणजे पीडी, ही सगळ्यांना खुली असलेली पद्धत आहे. पण बऱ्याच कंपन्यांनी आपापली वेगळी पद्धत काढली. तिला चार्जर त्यांचाच लागतो, कित्येकदा केबलसुद्धा त्यांचीच लागते. त्यातला एक तुकडा जरी बाहेरचा आला तरी फोन एकदम खालच्या पायरीवर येतो. त्या कामगाराला शेवटी कंपनीचाच चार्जर दीड हजाराच्या वर पैसे देऊन घ्यावा लागला. आठवड्याला पगार घेणाऱ्या माणसाचे चार्जरपायी सत्तावीसशेच्या वर गेले. आणि आधीच्या दुकानाचं ऐकलं असतं तर चांगली बॅटरी काढून टाकण्याचे वेगळे.

कंपन्यांच्या या पद्धतींमागे चांगलं कारण आहे, हेही मला मान्य आहे. व्होल्ट कमी ठेवून अँपिअर वाढवले आणि व्होल्ट उतरवायचं काम चार्जरमध्येच केलं, की फोनच्या पोटात उष्णता कमी होते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जातो. पत्र्याखाली ठेवलेला फोन चार्जिंगला लावला की हाताला चटका बसतो, आणि मग तो स्वतःच चार्जिंग कमी करतो. अशा ठिकाणी थंड राहणारा फोन म्हणजे मोठी गोष्ट आहे. पण हीच युक्ती पीडीतही २०१७ पासून आहे. तिला पीपीएस म्हणतात. चार्जर फोनच्या मागणीप्रमाणे व्होल्ट अगदी बारीक पायऱ्यांनी कमी-जास्त करतो. आणि पीडीची ताकद २०२१ मध्ये १०० वॉटवरून २४० वॉटपर्यंत वाढवली गेली, तेही टाईप-सीचा आकार न बदलता. तेव्हा खुल्या पद्धतीत वेग मिळत नाही, असं आता कुणाला म्हणता येणार नाही.

कंपनीनं आपली पद्धत बंद करावी, असंही मी म्हणत नाही. आमच्या गल्लीत एका घरात तेलुगू बोलतात, समोर कन्नड, कोपऱ्यावर उर्दू. घरात काय बोलायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण सुताचा भाव करताना, रिक्षा ठरवताना, माझ्या काउंटरवर फोन टाकताना सगळ्यांना समजणारी एक बोली लागते. इथे ती मराठी आहे. ती येत नसलेला माणूस सोलापुरात अडून राहील. फोनचंही तसंच आहे. घरची बोली काहीही असू दे, बाजारातली आलीच पाहिजे.

युरोपनं नेमकं हेच केलं. तिथला समान चार्जरचा कायदा, २०२२/२३८० क्रमांकाचा, फक्त पिनपुरता नाही. जो फोन ५ व्होल्टच्या वर, ३ अँपिअरच्या वर किंवा १५ वॉटच्या वर चार्ज होतो, त्यात पीडी असलीच पाहिजे, असं त्यात लिहिलं आहे. कंपनीची स्वतःची पद्धत जोडीला असली तरी चालेल, पण तिच्यामुळे पीडीच्या पूर्ण क्षमतेत अडथळा यायला नको. माझ्या मते त्या कायद्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच आहे. बातम्यांमध्ये मात्र आयफोनची पिन बदलली एवढंच आलं. ४ ऑक्टोबर २०२२ ला युरोपीय संसदेत त्यावर मतदान झालं. बाजूने ६०२, विरोधात १३, तटस्थ ८. फोनसाठी तो २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला, लॅपटॉपला २८ एप्रिल २०२६ ची तारीख दिली गेली. टाकून दिलेल्या आणि वापराविना पडलेल्या चार्जरचा वर्षाला सुमारे ११,००० टन कचरा होतो, असा त्यांचा हिशोब होता.

त्याआधी त्यांनी समजुतीनं घेऊन बघितलं होतं. २००९ मध्ये १४ कंपन्यांनी मायक्रो यूएसबीच्या करारावर सह्या केल्या. चार्जरचे ३० प्रकार होते, ते कमी होत होत तीनवर आले. पण करार ऐच्छिक होता, आणि वेगळी पिन ठेवून अडॅप्टर दिला तरी चालेल अशी वाट त्यात ठेवलेली होती. शेवटची पिन, आयफोनची, त्या वाटेनं निसटली. कायदा आल्यावरच ती बदलली. म्हणून नुसतं मानक छापून कंपन्यांच्या इच्छेवर सोडण्याला माझा विरोध आहे. युरोपनं त्यात बारा-तेरा वर्षं घालवली, ती आपण पुन्हा घालवायचं कारण नाही.

त्या शेवटच्या पिनेबद्दल दोन शब्द लिहिले नाहीत तर माझ्यातल्या कारागिराला ते पटणार नाही. आयफोनची लाइटनिंग पिन २०१२ साली आली. बांधणी म्हणून ती फार चांगली होती. तिची जीभ केबलवर असते आणि फोनमध्ये नुसती पोकळी. टाईप-सीमध्ये उलटं आहे. पातळ जीभ फोनच्या आत, मधोमध. हा फरक टॉवेलच्या गावात फार जाणवतो. मागावरच्या माणसाचा फोन खिशात असतो, खिशात तूस जातं, आणि केबल दर वेळी ते तूस आत दाबत जाते. महिन्या-दोन महिन्यांनी पिन बसेनाशी होते. लाकडी दातकोरण्यानं हळूहळू ओढलं की आतून दाबून घट्ट झालेलं तूस निघतं, एखाद्या छोट्या पेळूसारखं. लाइटनिंगमध्ये ते काढायला दोन मिनिटं लागतात. टाईप-सीमध्ये जिभेला धक्का लागू न देता दोन्ही बाजूंनी काढायचं, म्हणजे श्वास धरून काम करावं लागतं. घरी सुई घालून जीभ मोडून आणलेले फोन कमी नाहीत.

तरीही मी टाईप-सीच्याच बाजूनं आहे. लाइटनिंगच्या अस्सल केबलमध्ये कंपनीच्या परवान्याची चिप असते. ती नसलेली केबल लावली की फोन "ही वस्तू चालणार नाही" म्हणून दाखवू शकतो. केबल कुणी बनवायची, हे एक कंपनी ठरवणार. टाईप-सीचा जॅक मात्र मला नवी पेठेत कुठल्याही पार्टवाल्याकडे मिळतो, आणि दीडशे-दोनशे रुपयांत गिऱ्हाईकाचं काम होतं. सगळ्यांची वस्तू असली की तिची दुरुस्तीही सगळ्यांना येते. २४ डिसेंबर २०२२ ला तुमच्याच विभागानं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. तो हक्क गावपातळीवर खरा व्हायचा असेल तर वस्तू सारख्या असणं हा त्याचा पाया आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोन १५ टाईप-सी घेऊन आला, तेव्हा जगातली एवढी मोठी कंपनीसुद्धा बदलू शकते हे सगळ्यांनी बघितलं.

बदल करायचाच तर लवकर करावा, हे आमच्या जिल्ह्याला रेल्वेनं शिकवलंय. १८९७ मध्ये बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली, ७६२ मिलिमीटरच्या अरुंद रुळांची. मुंबईहून येणारी मोठी लाईन १६७६ मिलिमीटरची. आणि दक्षिणेकडून होटगीला येणारी गाडी एक मीटरच्या रुळांवर. एका जिल्ह्यात तीन मापं. कुर्डुवाडीला आणि होटगीला माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरायचा, माणसांनी बोचकी घेऊन गाडी बदलायची. पंढरीला जाणाऱ्या कितीतरी पिढ्या कुर्डुवाडीला अशा उतरल्या आणि चढल्या. हे रुंदीकरण पूर्ण व्हायला शंभरावर वर्षं लागली. रूळ उखडून नवे टाकायचे म्हणून उशीर झाला, हे समजू शकतं. फोनमध्ये तसं काही उखडायचं नाही. दोन-तीन वर्षांत लोक फोन बदलतातच. आज नियम केला तर तीन वर्षांनी माझं टेबल वेगळं दिसेल.

म्हणून माझं मागणं असं आहे. मानकाची सक्ती करा आणि बटनांच्या फोनपासून सगळ्यांना तिच्यात घ्या. तपासणी करताना फक्त पिनेचं माप घेऊ नका. वस्तू दोन्ही टोकांना टाईप-सी असलेल्या केबलनं, टाईप-सी तोंडाच्या चार्जरवर लावून बघा. ती चार्ज झाली तरच टाईप-सी म्हणून विकू द्या. ही तपासणी करायला एक मिनिटसुद्धा लागत नाही. मी ती रोज करतो. आणि १५ वॉटच्या वरच्या प्रत्येक फोनला पीडी सक्तीची करा, तीही नावापुरती नको. ८० वॉटच्या फोनला पीडीवर १० वॉट दिले आणि नियम पाळला म्हटलं, असं व्हायला नको. पीडीवर किमान किती वॉट मिळाले पाहिजेत याचा आकडा नियमातच असावा. युरोपच्या कायद्याच्या एक पाऊल पुढे जाता येईल अशी ही जागा आहे.

दुसरं मागणं खोक्यावरच्या छपाईचं. पाकीटबंद वस्तूंचे २०११ चे नियम तुमच्याच विभागाचे आहेत. त्यांच्यामुळे बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा वजन, किंमत, महिना-साल छापलेलं असतं, आणि माझ्या आईसारखी कमी शिकलेली बाईही ते बघून घेते. चार्जरच्या खोक्यावर मात्र ६५ वॉट, ८० वॉट असा मोठा आकडा असतो आणि तो कुठल्या पद्धतीनं, कुठल्या केबलवर मिळतो ते बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. आमच्याकडे सुताच्या पोत्यावर नंबर असतो. २० नंबरचं सूत म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या २० लड्या. ते कोइमतूरचं असो की इचलकरंजीचं, मालक आधी नंबर विचारतो, गिरणीचं नाव नंतर. त्या एका आकड्यावर हजारो रुपयांचा व्यवहार तोंडी होतो. फोनच्या, चार्जरच्या आणि केबलच्या खोक्यावर तसाच आकडा हवा: पीडीवर किती वॉट, कंपनीच्या पद्धतीवर किती वॉट, दोन्ही सारख्याच मोठ्या अक्षरांत, आणि मराठीसह त्या त्या राज्याच्या भाषेत. युरोपात किमान आणि कमाल वॉट आणि पीडी आहे की नाही हे चिठ्ठीवर छापावं लागतं. खोक्यात चार्जर आहे की नाही, याचंही चित्र असतं.

केबलीकडे तर कुणाचंच लक्ष नाही. साधी टाईप-सी केबल ३ अँपिअरची असते. ५ अँपिअर न्यायचे तर तिच्या टोकात एक ओळख सांगणारी चिप असावी लागते. बाहेरून दोन्ही एकसारख्या दिसतात. बाजारात शंभर रुपयांच्या केबलीवर १०० वॉट छापलेलं मी रोज बघतो. मीटर लावलं की खरं कळतं, पण मीटर सगळ्यांकडे नसतं. चार्जरला जसा आर नंबर आहे आणि तो ब्यूरोच्या ॲपवर तपासता येतो, तशी काहीतरी खूण केबललाही द्या. ॲपवर तो नंबर टाकल्यावर पीडीचे वॉट दिसायला लागले तर माझं आणि गिऱ्हाईकाचं अर्धं भांडण मिटेल.

चार्जरशिवाय फोन विकायची पद्धत आता रुळत चालली आहे. कचरा कमी होतो, हे कारण मला मान्य आहे. पण घरातला जुना चार्जर नव्या फोनला पूर्ण वेगानं चालला तरच त्या कारणाला अर्थ आहे. नाहीतर खोक्यातला चार्जर फक्त वेगळ्या बिलावर जातो.

गेली दोन वर्षं मी दुकानात एक वही ठेवली आहे. शंकेचा फोन आला की कुठला फोन, कुठला चार्जर, कुठली केबल, किती व्होल्ट, किती अँपिअर हे सगळं तारीख घालून लिहितो. गिऱ्हाईकांची नावं त्यात नाहीत. मोठ्या प्रयोगशाळेचं काम ते नव्हे, पण आकडे मी डोळ्यांनी बघून लिहिले आहेत. कुठला फोन पीडीवर १८ वॉट घेतो, कुठला १० वरच थांबतो, कुठली केबल नुसत्या नावाची, हे त्यात दिसतं. कंपन्यांची नावं मी इथे मुद्दाम लिहिली नाहीत, कारण त्यांना उत्तर द्यायची संधी तुमच्यासमोर मिळायला हवी. वहीच्या झेरॉक्स प्रती या पत्राबरोबर तुमच्या कार्यालयाला आणि मानक ब्यूरोच्या महासंचालकांना स्पीड पोस्टाने पाठवतो आहे. त्यातला कुठला आकडा पडताळून बघायचा असेल, तर मीटर आणि केबली घेऊन मी पुण्याला, मुंबईला, दिल्लीला, जिथे बोलवाल तिथे येईन. येण्याजाण्याचा खर्च माझा मी करेन.

तुमच्यातल्या कुणाला इकडे यायचं असेल तर आषाढात या. वाखरीला टेबल असतंच. पोतंही आम्ही परत आणलं आहे. त्यात आता जुने, चौकोनी तोंडाचे बारा चार्जर आहेत.

आपला,
एक मोबाईल दुरुस्ती कारागीर
पूर्व भाग, सोलापूर